छबूचा उजवा हात

सुरत, ता. २१ जानेवारी १९५९

चि. सौ. छबूस तिचा थोरला भाऊ भाईदास याचा अ. आ. वि. वि.

बाचं पत्र मिळालं. दगा गुरुजींनी लिहून दिलेलं, त्यामुळे अर्धं पत्र गुरुजींच्या उपदेशाचं आणि अर्धं बाचं. तू कापसाच्या गाडीवरून पडलीस आणि उजवा दंड मोडला, एवढं कळलं. वाचून आधी हसू आलं. लहानपणी बोरीवर चढायची तू आणि पडायचो मी. या खेपेला देवानं पाळी बदलली. मग राग आला. गाडीत कापूस तुडवायला तुझ्या सासरी एवढ्या माणसांत सुनेशिवाय दुसरे पाय नव्हते का? बैल बुजला तेव्हा आमचे जावई, धुडकूराव पाव्हणे, काय करत होते? बैलाच्या शेपटीशी गप्पा?

जान्या हाडवैद्य डोंगरातून खाली आला आणि बांबूच्या कामट्या बांधून गेला म्हणतात. तो हाड चांगलं बसवतो. दंड हलवू नको, सासू काय म्हणते ते एका कानानं ऐक. दुसरा कान मला दे, माझे दोन्ही गिरणीतल्या लूमच्या खटखटीनं गेले. इथं दिवसभर धोटा इकडून तिकडं पळतो आणि मी एका जागी उभा. मला ते जमत नाही, तुला ठाऊक आहे. जॉबर, आमचा मुकादम, रोज टोकतो. बघू किती दिवस टिकतो.

पडलीस म्हणून काही आमची माया पडली नाही, तुझीही तशीच राहू दे.

तुझा
भाईदास


म्हसावद, ता. २६ फेब्रुवारी १९५९

ती. भाऊस छबूचा डाव्या हातानं सा. न. वि. वि.

हे अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नको. चौथी पास झालेल्या बाईनं पुन्हा बिगरीत बसावं तसं वाटतंय. तू तिसरीतून पळालास तरी तुझं अक्षर आज माझ्याहून बरं.

जान्यानं कामट्या सोडल्या. हाड जुळलं, दंड सरळ आहे. पण भाऊ, हात मनगटापासून खाली लोंबतो. खुंटीवर ओलं फडकं टाकावं तसा. मूठ थोडी वळते, पण उघडायला गेलं की बोटं उठत नाहीत, पंजा वर होत नाही, अंगठा बाजूला जात नाही. भाकरी थापायला बसले तर पीठ फिरतं आणि हात जागीच पडून राहतो. जान्याला विचारलं. तो म्हणाला की मी बांधायला आलो तेव्हाच हात असा पडलेला होता, माझ्या बांधण्यानं झालेलं नाही. ते खरं आहे, मलाही आठवतं. पण तेव्हा दुखणं एवढं होतं की हाताकडे कोण बघतो.

सासूबाई म्हणतात, हाड जुडनं, आते काय नखरा शे. नणंद सरला हल्ली सगळ्या भाकरी करते आणि प्रत्येक भाकरीबरोबर मला एक बोल लावते. घरचे म्हणजे तुझे पाव्हणे, नाव घ्यायची मला बंदी. ते ताटाकडे बघून जेवतात. पूर्वी माझ्याकडे बघून जेवायचे.

तिकडे मोठे डॉक्टर असतील. कोणाला तरी विचार. हा हात गेला तर या घरात माझं काय काम उरतं ते तूच सांग.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी
छबू


सुरत, ता. ९ मार्च १९५९

चि. सौ. छबूस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या पारशी डॉक्टरकडे गेलो. आधी म्हणाला की पेशंट कुठं आहे. मी म्हणालो, म्हसावदला. मग हसला, पण बसवून घेतलं आणि माझाच दंड धरून दाखवलं. तो बोलला ते मला समजलं तसं लिहितो.

दंडाच्या हाडाला मागून एक शीर वळसा घालून खाली उतरते, काठीला चवळीचा वेल चढतो ना, त्याच्या उलट. पंजा वर उचलायचं आणि बोटं उघडायचं काम त्या शिरेचं. काठी मधोमध मोडली की वेल चेंगरतो. शीर तुटली असेल तर वाईट. पण बहुतेक वेळा ती नुसती चेंगरलेली असते, आणि मग वरून खाली हळूहळू पुन्हा जिवंत होत येते. आधी मनगट उठतं, मग बोटं, अंगठा सगळ्यात शेवटी. महिने लागतात. डॉक्टर म्हणाला की घाई करणारे लोक महिने मोजत नाहीत, माणूसच टाकून देतात. मला तेव्हा वाटलं उगाच बोलतोय.

आता काम ऐक. एक, तळहाताखाली एक गुळगुळीत फळी बांध, म्हणजे पंजा सरळ राहील, लोंबणार नाही. दोन, डाव्या हातानं रोज उजव्याची बोटं उघड-मीट करत जा, नाहीतर आखडतील. तीन, सुईनं तपास. डोळे मीट आणि कोणाला तरी सांग की अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या जागी, पंजाच्या पाठीवर, हळू टोच. कळतं की नाही ते मला लिही. त्यावरून डॉक्टरला शिरेचा अंदाज येईल.

आणि आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मुराळी म्हणून तुला न्यायला बा येणार नाही, मी येणार. माहेरी नेण्याच्या नावानं तुला गाडीत बसवतो आणि थेट धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेतो. सासूला आधी सांगू नको, नाहीतर त्यांच्या पोटात दुखेल आणि त्यांनाही न्यावं लागेल.

फळी लगेच बांध. माया आहे तशीच आहे, तू फक्त हात सांभाळ.

तुझा
भाईदास


म्हसावद, ता. ७ एप्रिल १९५९

ती. भाऊस छबूचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. फळी बांधली. सुईचं काम सरलाला सांगितलं, घरात दुसरं कोण. ओट्यावर बसून मी डोळे मिटले. तिनं टोचलं. मी विचारलं, कधी टोचतेस? डोळे उघडले तर सुई कातडीत उभी आणि सरलाचा चेहरा पांढरा.

तिला भलतंच वाटलं. त्याच आठवड्यात चावडीवर सरकारी माणूस आला होता, रक्तपितीची, म्हणजे महारोगाची, तपासणी करायला. तोही सगळ्यांना असंच डोळे मिटायला सांगायचा आणि पीस फिरवायचा, टाचणी टोचायचा. ज्याला कळलं नाही त्याचं नाव त्यानं वहीत उतरवलं. सरलानं ते बघितलेलं. बोटं वाकडी, कातडी मुकी, आणि वहिनी सांगते सुईनं टोच. तिनं दोन आणि दोन जोडले आणि धावत आत जाऊन सासूबाईंना सांगितलं की वहिनीला रक्तपिती झाली, तिला स्वतःलाही ठाऊक आहे, लपून तपासते.

त्या दिवसापासून माझी जर्मनची ताटली वेगळी आहे. गोधडी गोठ्यात. पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही. मी किती सांगितलं की ही पडल्याची शीर आहे, अंगावर कुठं डाग दाखवा. सासूबाई म्हणतात, डाग आत राहतात. गोठ्यात झोपायचं मला दुःख नाही, गुरं बरी. पण घरचे काल वैरण टाकायला आले आणि तोंडावर उपरणं धरून आले. भाऊ, हा माणूस माझ्या हातचं पाणी प्यायलाय.

आता दोनच गोष्टी कर. त्या पारशी डॉक्टरकडून दोन ओळी लिहून घे की हा रोग नाही, हाड मोडल्यानं झालंय. आणि आखाजीला नक्की ये. कागद घेऊन तू दारात उभा राहिलास तर यांची तोंडं बंद होतील. मुराळ्याशिवाय गेले तर ते मला पोचवायला येतील आणि परत न्यायला येणार नाहीत. मला हे घर टाकायचं नाही. माझ्या डोळ्यासमोर मला यातून काढून टाकतील हे मला सोसायचं नाही.

वाट बघते आहे. बाकी माया वगैरे भेटीत.

तुझी
छबू


अमदाबाद, ता. २९ एप्रिल १९५९

रा. रा. धुडकूराव पाव्हणे यांस भाईदास हिलाल याचा राम राम वि. वि.

आपल्या घरून छबूनं लिहिलेलं पत्र सुरतेहून फिरत फिरत मला इथं आज मिळालं. जॉबरचं आणि माझं जमलं नाही म्हणून मी तिथून निघालो, ते आपल्याला सांगायचं कारण नाही. सांगायचं कारण दुसरं आहे.

माझ्या बहिणीला तुम्ही गोठ्यात ठेवलंत. रक्तपिती म्हणे. पाव्हणे, तुमच्या गावात शहाणी माणसं संपली की तुम्ही ती पेरलीच नाहीत? टाचणी सरकारी माणसानं टोचली तर तपासणी, आणि आम्ही टोचली तर रोग? सुई टोचायला मी लिहिलं होतं. होय, तिची शीर मेली आहे. हात मुका झाला आहे. पण तो तुमच्या गाडीवरून पडून झाला, तुमचा कापूस तुडवताना झाला, तुमच्या बैलानं केला. तुम्ही तेव्हा कासरा धरून उभे होता. रोग असेल तर तो तुमच्या डोळ्यांना झाला आहे.

डॉक्टरच्या सहीचा कागद आणायला मी सुरतेला जाणार आहे. आखाजीला कागद घेऊन दारात येतो. तोवर तिची ताटली कोणी वेगळी ठेवली तर दोन्ही दंड मोडून देईन, मग तुम्ही एकमेकांना सुया टोचत बसा.

राग मानू नये असं लिहायची पद्धत आहे. पण मानाच.

भाईदास हिलाल


प्रकाशे, ता. १४ जून १९५९

चि. भाईदासला हिलाल याचे अनेक आशीर्वाद. लिहिणार दगा गुरुजी.

बेटा, तुझी आई कमलबाई आखाजीला दिवसभर दारात बसली. गावातल्या सगळ्या लेकी माहेरी आल्या, झोके बांधले, गाणी झाली. आमची लेक तू आणणार होतास. माय सारखी म्हणे, भाईदास काय करी ऱ्हायना तठे. शेवटी मी गाडी जुंपली आणि दुसऱ्या दिवशी म्हसावदला गेलो. तुझ्या नावाचा मान मला घ्यावा लागला.

तिथं पंच बसलेले होते. माझ्यासाठीच थांबले होते. मी सांगितलं की डॉक्टर म्हणतो शीर आहे, माझा मुलगा कागद घेऊन येतो. ते म्हणाले कागद कुठं आहे. कागद नव्हता. तेव्हा धुडकूनं तुझं पत्र काढलं आणि तिथं एकानं मोठ्यानं वाचलं. त्यानं एवढंच वाचलं की होय, तिची शीर मेली आहे, हात मुका झाला आहे. पुढचं वाचलं नाही. मला वाचता येत नाही, पुढं काही होतं हे मला छबूनं गाडीत सांगितलं. पंच म्हणाले की सख्खा भाऊ लिहून देतो, आता आणखी काय साक्ष पाहिजे.

फारकतीचा कागद तयार होता. छबू म्हणाली की मी चौथी शिकले आहे, मला सही येते. पण हातात टाक धरवेना. डाव्या हातानं करते म्हणाली तर पंच म्हणे डाव्या हाताची सही चालत नाही. मग तिच्या सासऱ्यानं हातावर फडकं गुंडाळून तिचं मनगट धरलं, अंगठ्याला शाई लावली आणि दाबला. फडक्यातून, बेटा. शिवायला नको म्हणून. आणि मी तिथं बसून होतो.

ज्येष्ठ लागला आणि धुडकूनं दुसरं लग्न केलं. इकडे गावातही बाया आडाच्या दुसऱ्या बाजूनं पाणी काढतात.

गुरुजी म्हणतात आणखी काय लिहू. मी म्हणालो बस.

तुझा बाप
हिलाल


कंडला बंदर, ता. ३० जून १९५९

ती. बास साष्टांग नमस्कार.

अमदाबादहून कच्छला बंदराच्या कामावर गँग निघाली होती. मुकादम म्हणाला आज चढायचं तर चढ, उद्या जागा नाही. मी म्हटलं महिनाभर करून मग सुरतेहून कागद घेऊन येतो. आखाजी मधे कधी गेली कळलं नाही. इथं तिथी कोण सांगतो. वाळू, दोरखंड आणि खारा वारा, झाडाचं पान नाही.

धुडकूचे हात मी मोडणार आहे. छबूला सांगा की फळी सोडू नको. पंचांना सांगा त्यांचीही पाळी येईल. पत्ता वर लिहिला आहे, हा आता बदलणार नाही.

भाईदास


प्रकाशे, ता. २ ऑक्टोबर १९५९

ती. भाऊस छबूचा उजव्या हातानं सा. न. वि. वि.

अक्षर बघ. वाकडं आहे पण माझं आहे.

श्रावणात एक दिवस ओट्यावर दादर ज्वारी वाळत घातली होती. कोंबड्या आल्या म्हणून हात झटकला, तर मनगट वर झालं. थोडंसं. मायला हाक मारली, तिनं बघितलं आणि ती रडायलाच लागली, कोंबड्यांनी तेवढ्यात दाणे खाल्ले. मग रोज थोडं थोडं. गणपतीत बोटं उघडायला लागली. अंगठा कालपरवा बाजूला जायला लागला. तुझा पारशी म्हणाला होता त्याच क्रमानं. सुई टोचली की आता कळतं. एवढ्या आनंदानं सुई टोचून घेणारी मीच असेन.

बाया आता आडावर माझ्याच बाजूनं पाणी काढतात. आधी काही झालंच नव्हतं अशा बोलतात.

पण ही बातमी म्हसावदला पोचली. परवा धुडकू आला होता. नाव लिहिते, आता मला बंदी नाही. लुगडं घेऊन आला, ओसरीवर बसला. म्हणाला की चूक झाली, सरलानं घोळ केला, पोर होती. नवी बायको माहेरची लाडकी आहे, तिला गुरांचं जमत नाही, त्याच्या मायचे गुडघे गेले, यंदा कापूस भरपूर फुटला आहे. म्हणून तू चल, दोघी राहा, तुझा मान थोरलीचा. भाऊ, तो मला न्यायला आला नव्हता, या हाताला न्यायला आला होता. जो हात त्यांनी फडक्यातून धरला तोच.

बा म्हणतो जा. लेक घरात किती दिवस ठेवायची, लोक काय म्हणतील, चूक कबूल केली ना. माय माझ्या बोटांकडे बघत बसते. शेवटी असं ठरलं की थोरला भाऊ लिहील ते करायचं. बा तुझ्या शब्दाबाहेर नाही. धुडकू दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे.

मला जायचं नाही. तू फक्त जाऊ नको एवढं लिही. आणि जमलं तर मला तिकडे ने. मी तुझ्या सगळ्या गँगच्या भाकरी करीन. हात आहे आता. मी तुझ्याकडे याआधी एकच गोष्ट मागितली होती, ती राहून गेली. तिचा मी कधी शब्द काढणार नाही. ही दुसरी.

उत्तर लवकर पाठव.

तुझी
छबू


कंडला बंदर, ता. १८ ऑक्टोबर १९५९

चि. सौ. छबूस अ. आ. वि. वि.

हात बरा झाला वाचून फार बरं वाटलं. त्या दिवशी मी काम टाकून बंदराच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि परत आलो.

बाकीचं मी खूप विचार करून लिहितो. इथं तुला आणता येणार नाही. आम्ही पत्र्याच्या एका शेडमध्ये सगळे एकत्र झोपतो, बाईमाणसाला जागा नाही. आणि मी इथं राहीनच असं नाही. एक पंजाबी ड्रायव्हर दिलवरसिंग म्हणून आहे, तो म्हणतो की उत्तरेकडे मोठ्या धरणावर माणसं घेतात. बहुतेक मी त्याच्याबरोबर निघेन. मला एका जागी थांबता येत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे.

तेव्हा तू जा. धुडकूनं चूक कबूल केली. जमीन आहे, घर आहे, थोरलीचा मान देतो म्हणतो. आपल्याकडे फारकत झालेल्या बाईचं काय होतं ते तू बघितलं आहेस. बा म्हातारा होतोय. माझा काही भरवसा नाही. रागानं पोट भरत नाही, माझं भरलं असतं तर मी आज मोठा माणूस असतो. हे तुझ्या भल्यासाठीच लिहितो, कधीतरी तुला पटेल.

बाला हे पत्र वाचून दाखव. भाऊ म्हणून माझ्यावर लोभ असू दे.

तुझा
भाईदास


प्रकाशे, ता. ९ नोव्हेंबर १९५९

भाईदासला छबूचा नमस्कार.

तुझं पत्र वसूबारसेला पोचलं. दगा गुरुजी सुट्टीला गावी गेले होते. घरात वाचणारी मी एकटीच. बा ओट्यावर बसला, माय दारात, शेजारचे दोघे-तिघे आले, आणि बा म्हणाला, मोठ्यानं वाच.

पहिलं वाक्य मी तू लिहिलं तसंच वाचलं. हात बरा झाला वाचून फार बरं वाटलं. टोकापर्यंत चालत गेलास तेही वाचलं. मग पुढं मी वाचलं ते असं, की बा, छबूला त्या घरी पाठवू नका. ज्यांनी तिला फडक्यातून धरलं त्यांच्या दारात माझी बहीण पुन्हा जाणार नाही. मी लांब आहे, पण मी तिचा भाऊ आहे, आणि हा माझा शब्द आहे. यातलं एक अक्षरही तुझ्या कागदावर नव्हतं. मी न अडखळता वाचलं.

बानं कागद हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. मग उपरण्यानं डोळे पुसून म्हणाला, मन्हा पोरगा शे. भाऊबीजेनंतर धुडकू आला तेव्हा बानं त्याला ओसरीवरही चढू दिलं नाही. अंगणात उभं करून सांगितलं की भाईदासचं पत्र आलंय, लुगडं परत ने. सगळ्या गल्लीनं ऐकलं. आता पारावर तुझं नाव निघतं. लोक आपल्या मुलांना म्हणतात, भाऊ असावा तर असा.

मी मायबरोबर कापूस वेचायला जाते. बोटं चालतात. दगा गुरुजी म्हणतात की बायांच्या रात्रीच्या वर्गाला शिकवशील का. बघते.

तू पुढच्या पत्रात सौ. लिहू नको, कोणाची ते तुला सांगता येणार नाही. तुझं ते पत्र मी चुलीत घातलं. कधी गावी आलास तर बाला खरं काय लिहिलं होतं ते सांगू नको. त्याला एक मुलगा मिळाला आहे, तो त्याच्याकडून हिरावून घेऊ नको. लोक पाठ थोपटतील, ती गप्प बसून थोपटून घे. आणि पत्र पाठवत जा, उत्तरेकडून, जिथून असशील तिथून. काय लिहायचं याची फार काळजी करू नको.

वाचणारी मी आहे.

छबू